आजींची औषधांची पिशवी
आज ओपीडीत सत्तरीच्या आजी आल्या. पाय इतके सुजलेले की जोडवी बोटांत रुतली होती. सूज उतरावी म्हणून कुणीतरी लघवीची गोळी चालू केलेली, त्यामुळे रात्रभर उठबस.
"आजी, सगळ्या गोळ्या दाखवा बघू."
त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन, 10 मिलिग्रॅम! औषध चांगलंच आहे, मीही रोज लिहितो. पण या डोसला बऱ्याच जणांचे घोटे सुजतात, आणि ती सूज लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही. हृदयाचे, किडनीचे रिपोर्ट नॉर्मल होते. डोस 5 वर आणला, जोडीला बीपीचंच दुसरं औषध, टेल्मिसार्टन 40, लघवीची गोळी बंद. दोन आठवड्यांनी रक्त तपासून क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम बघायचंय.
उठताना हात धरून म्हणाल्या, "आज झोप लागंल ना रे बाळा?"
तेव्हापासून तेच डोक्यात आहे.