कपाटावरचा खोका

रविवार, रात्री पावणेअकरा

आज कपाट आवरताना वरच्या फळीवर मागे सरकलेला एक खोका हाताला लागला. चिकटपट्टी जशीच्या तशी. लेबल वाचल्यावर आठवलं, टेबलावरचा दिवा! सात महिन्यांपूर्वी मागवलेला. त्या रात्री तो घेतल्याशिवाय चैन पडत नव्हती, आणि घरी आला तेव्हा उघडून बघायचीही इच्छा उरली नव्हती. खोका मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

त्याच महिन्यात दाढ ठणकायला लागली होती. रात्रभर गालाला हात लावून बसले, सकाळी डॉक्टरांनी रूट कॅनाल करावं लागेल म्हणून सांगितलं, आणि खात्यात तेवढे पैसे नव्हते. पगार माझा काही वाईट नाही. तरी धाकट्या बहिणीकडे हातउसने मागावे लागले. तिचा पगार माझ्यापेक्षा कमी. "ताई, पाठवले गं. आधी दाढेचं बघ," एवढंच म्हणाली. कशाला, का, काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं मला.

दाढ शांत झाल्यावर एका संध्याकाळी सगळ्या ऑर्डरींचे ईमेल उघडून बसले. रकमा बघायचं धाडस होईना, म्हणून वेळा बघितल्या. बहुतेक सगळ्या रात्री दहानंतरच्या. दमून घरी आलेली मी, दिवसभर कुणाशी धड बोलणं नाही, आणि हातात फोन. वस्तूची गरज नव्हतीच. दिवसाचा शेवट जरा गोड व्हावा, एवढंच हवं होतं.

मग कुठेतरी वाचलं की एका क्लिकवर खरेदीच्या पद्धतीचं पेटंट अ‍ॅमेझॉनला अमेरिकेत १९९९ मध्ये मिळालं होतं आणि २०१७ मध्ये त्याची मुदत संपली. विचार बदलायला मधे क्षणभरही राहू नये, याचं मोल इतकं मोठं आहे! त्या दिवशी सगळीकडे साठवलेले कार्डाचे नंबर मी काढून टाकले. आता काही घ्यायचं तर उठून दुसऱ्या खोलीतून पर्स आणायची, सोळा आकडे टाकायचे. किती तरी वेळा पर्सपर्यंत गेलेच नाही.

दुसरी गोष्ट, ही वही. काही घ्यावंसं वाटलं की वस्तू, तारीख, वेळ लिहायची आणि शेजारी 'आत्ता काय झालंय?' याचं उत्तर. मग ७२ तास थांबायचं. आजवर ४१ नोंदी झाल्या, त्यातल्या ६ वस्तू घेतल्या. त्या सहाही रोज वापरात आहेत. बाकीच्यांपैकी काही तर वाचूनही आठवत नाहीत.

गंगाजळीचं मात्र सोपं गेलं नाही. किमान तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं सगळे सांगतात, आणि ज्यांचं उत्पन्न महिन्याला सारखं नसतं त्यांनी त्याहून जास्त. तो आकडा काढला आणि वही मिटूनच ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा बसले, फक्त ज्यावाचून चालणार नाही ते मांडलं: भाडं, वाणसामान, वीज, औषधं, प्रवास, हप्ते. बेरीज वाटली होती त्यापेक्षा बरीच कमी आली. मग ठरवलं, आधी एकाच महिन्याचं. वेगळं खातं, त्याला कार्ड नाही, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप तिकडे वळते. पूर्वी महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हणायचे. कधी काही उरलं नाही.

क्रेडिट कार्डाची थकबाकी होती तोवर या खात्यात थोडंच टाकलं, बाकी सगळं तिकडे वळवलं. बचतीवर मिळणारं व्याज आणि थकबाकीवर लागणारं व्याज यांची बरोबरीच होऊ शकत नाही, आणि नुसती किमान रक्कम भरत राहिलं की कर्ज वर्षानुवर्षं हलत नाही. विम्याचा वार्षिक हप्ताही गंगाजळीतून द्यायचा नाही असं ठरवलंय. तो येणार हे वर्षभर आधी ठाऊक असतं, म्हणून त्याचा बारावा भाग दर महिन्याला निराळा ठेवते.

सगळी हौसमौज बंद करा, असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. मी ते करून पाहिलंय. तीन आठवडे कडक राहिले आणि चौथ्या आठवड्यात एका रात्रीत सगळं उधळलं. आता हौसेसाठी ठरलेली छोटी रक्कम असते, आणि तिचा हिशोब मी स्वतःलाही विचारत नाही.

गेल्या महिन्यात फ्रीज बंद पडला. दुरुस्तीचे पैसे त्या खात्यातून दिले, कुणाला फोन करावा लागला नाही. शिल्लक खाली गेलेली बघून पोटात गोळा आला खरा. पण ते पैसे होतेच त्यासाठी. या महिन्यात पुन्हा भर घातली आहे, अजून दोन पगार लागतील. बहिणीचे पैसे मात्र पूर्ण फिटले.

आजची नोंद: ऑफिसला न्यायची बॅग. रात्री १०:४०. आत्ता काय झालंय? उद्याच्या मीटिंगची धास्ती वाटतेय.

बुधवारी रात्री बघेन.