मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी दार लॉक होत नाही

जुन्या पिकअप ट्रकचं पॉवर लॉक बिघडलं की पहिला सल्ला मिळतो तो दारातली मोटार बदलण्याचा. मलाही तोच मिळाला. ड्रायव्हरच्या दाराचं लॉक नुसतं कण्हायचं आणि अर्ध्यावर अडकायचं, पलीकडचं दार मात्र खट्कन लागायचं. नवी मोटार आणण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं मी ठरवलं.

पलीकडचं दार चालतंय यातच निम्मं उत्तर होतं. माझ्या ट्रकमध्ये दारातला स्विच फक्त डॅशबोर्डखालच्या रिलेला (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचला) इशारा देतो आणि रिले दोन्ही दारांच्या मोटारींना एकदम करंट पाठवतो. एक दार नीट लागत असेल तर फ्यूज, स्विच आणि रिले ठीक आहेत. उरलं ड्रायव्हरचं दार: मोटार, लॉकपर्यंत जाणारा रॉड, नाहीतर दोन वायरी.

ट्रिम पॅनल, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढून आधी रॉड सुटा केला. लॉक हाताने सहज वरखाली होत होतं, म्हणजे अडकण कुठे नव्हती. मग मोटारीचा कनेक्टर काढला आणि मध्ये फ्यूज घालून बॅटरीवरून मोटारीला थेट वायरी लावल्या, अगदी क्षणभर. मोटार जोरात धावली. वायरी उलट लावल्यावर उलट्या दिशेने तेवढ्याच जोरात. मोटार बदलून काहीच साधलं नसतं.

खरी गंमत यापुढे आहे. सुट्या कनेक्टरवर मीटर लावून स्विच दाबला तर चक्क १२ व्होल्ट. इथेच बरेच जण वायरिंग चांगलं समजून सोडून देतात. पण वायरीतली तांब्याची एखादीच तार शाबूत असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. मोटारीला काही अँपिअर लागतात आणि तेवढे त्या एका तारेतून जात नाहीत. म्हणून मोजायचं ते कनेक्टर जोडून, मोटार करंट ओढत असताना, कनेक्टरच्या मागच्या बाजूने मीटरचे प्रोब (टोकं) घालून. तसं मोजलं तर दोन वायरींमध्ये जेमतेम ४ व्होल्ट मिळाले.

आता दोनपैकी दोषी वायर कोणती? या वायरी एरवी दोन्ही अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला, जोडलेल्या असतात. लॉक दाबलं की एकीवर १२ व्होल्ट येतात आणि दुसरी अर्थलाच राहते. अनलॉकला याच्या उलट. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावून लॉक दाबलं. पहिली वायर ठणठणीत. दुसरीवर शून्याच्या आसपास आकडा हवा होता, तिथे ७ व्होल्टच्या वर होता. दोष त्याच वायरीत. करंट दोन्ही दिशांनी याच वायरीतून जात असल्यामुळे लॉक आणि अनलॉक दोन्ही मरगळलेले होते, हेही लगेच उलगडलं.

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि बिजागरीजवळचा रबरी बूट मागे सरकवला. दार उघडतं-मिटतं तेव्हा वायरी इथेच वाकतात. त्या वायरीचं आवरण चिरलेलं होतं, आत तांब्यावर हिरवट पूड आणि धरून राहिलेल्या मोजक्या तारा. शेजारच्या खिडकीच्या वायरीचं आवरणही तडकलं होतं. ती उद्या बॉडीला टेकली असती तर फ्यूज उडाला असता, म्हणून तीही लगेच घेतली.

नुसती टेप गुंडाळणं इथे टिकत नाही. खराब भाग कापून तेवढ्याच जाडीच्या, बारीक तारांच्या लवचिक वायरीचा तुकडा घातला. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि वाकवली की तिच्या कडेला तुटते, म्हणून तुकडा मुद्दाम लांब घेऊन जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर आणले. जोड झाकणारी, उष्णतेने आवळणारी श्रिंक स्लीव्ह सोल्डर करण्याआधीच वायरीत ओवून ठेवावी लागते. दोन वायरींचे जोड पुढेमागे ठेवले, नाहीतर बुटात फुगवटा होतो.

बॅटरी जोडून मोटार चालत असताना पुन्हा मोजलं: ११ व्होल्टच्या वर. दार खट्कन लागलं, पूर्ण उघडलेलं असतानाही आणि मिटलेलं असतानाही. पॅनल बसवण्याआधी पलीकडच्या दाराचा बूटही मागे सरकवून पाहिला. तिथलं आवरण अजून मऊ होतं, म्हणून त्या वायरींना हात लावला नाही.