मोठी कंपनी कधी येणार?

हिशेबाची कामं करतो म्हटल्यावर लग्नात, वास्तुशांतीत, अगदी रंकाळ्यावर भेळ खातानाही एक प्रश्न ठरलेला: "कोल्हापुरात एखादी मोठी कंपनी का येत नाही हो? पोरं सगळी पुण्याला निघाली." आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

माझी बरीचशी गिऱ्हाइकं शिवाजी उद्यमनगरातली. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, मालक धरून पाच माणसं. शेडमध्ये शिरलं की आधी कटिंग ऑइलचा वास येतो. दाराशी शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगची, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडी भागांची रास, खाचाखोचांत अजून वाळू अडकलेली. त्यांचं टर्निंग, म्हणजे लेथवर कातकाम करून, भोकं पाडून, हा माणूस माल पुढं पाठवतो. पुढं म्हणजे पुण्याच्या एका मोठ्या कारखान्याला. मोठी कंपनी आपल्याकडं आलेलीच आहे, पाटी तेवढी पुण्यात आहे!

हे सगळं कुणी बाहेरून आणून बसवलेलं नाही. उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिनं आली, बिघडू लागली. ती दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्रींनी सुटे भाग ओतायला घेतले, मग अख्खं इंजिनच. पॅटर्न करणारे, साचे भरणारे, भट्टीवाले असे त्याभोवती जमत गेले.

लोक मला किर्लोस्करवाडीचा दाखला देतात: एक कारखाना आला आणि माळाचं गाव झालं. खरंय, पण तो कारखाना आला कुठून? लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावात सायकलचं दुकान होतं, त्यातूनच पुढं शेतीच्या अवजारांचं काम. तिथली जागा सोडायची पाळी आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला. साल १९१०. राजेसाहेबांनी चालत्या धंद्याला जागा दिली, एवढंच. आज तोच माणूस अर्ज घेऊन आला तर आपण विचारू, "गुंतवणूक किती कोटींची?"

आता माझ्या टेबलावरचं सांगतो. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक बिलांची फाईल घेऊन आलं. ऑर्डरी भरपूर, पण चौथा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, घ्यायला बँक नाही म्हणते. का, तर खात्यात पैसाच दिसत नाही. साडेअकरा लाख येणं, त्यातली निम्मी बिलं तीन महिन्यांवरची. पगार भागवायला बायकोचे दागिने गहाण. म्हणजे पाच माणसांचं वर्कशॉप हजार माणसांच्या कारखान्याला बिनव्याजी कर्ज देतंय.

२००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु नि मध्यम उद्योगांच्या कायद्यात हे बसत नाही. लेखी करार असला तरी सूक्ष्म नि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. आयकरातही २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. मी हे सगळं सांगितल्यावर तो हसला. "साहेब, व्याज मागिटलं तर फुडची ऑर्डर कोण देणार, तुमी?"

दोष आमच्या लोकांचाही आहे, लपवत नाही. माल पाठवल्याचं चलन एकीकडं, बिल दुसरीकडं, करार तोंडी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद, कर्जापुरती करायची आणि बिलावर नंबर छापायचाच नाही. रिजेक्शन का आलं, म्हणजे माल का नाकारला, हे लिहून ठेवायची सवय नाही. पण हे सुधारायला नवी एमआयडीसी लागत नाही. चार वर्कशॉपना मिळून एक मोजमापाची मशीन आणि आठवड्यातून एकदा येणारा हिशेबनीस पुरतो. नवा कारखाना आला तर मी पेढे वाटीन, पण त्यालाही पहिल्या दिवसापासून कास्टिंग आणि जॉबवर्क लागणारच. इथली शेडं तोवर बंद पडली असतील तर माल ट्रकनं बाहेरून येईल.

त्या गिऱ्हाइकानं व्याज मागितलं नाही. आम्ही फक्त बिलबुक नवं छापलं: वर ठळक उद्यम नंबर, खाली '४५ दिवसांत देय' अशी एक ओळ. परवा फोन आला, एका पार्टीनं बावन्नाव्या दिवशी पैसे टाकले. सात दिवस उशीरच, पण आवाजावरून वाटलं दिवाळी आहे. चौथ्या मशीनचं कोटेशन मागवलंय म्हणाला.