बिडी सुटली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं

आमच्या सातारा जिल्ह्यात हिरड्या दाखवायला सहसा कोणी येत नाही, दात हलायला लागला की मग येतात. हे काकाही तसेच आलेले. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, रोज एक बंडल बिडी, खालचे पुढचे दात जिभेने ढकलले तरी हलत होते. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, हिरड्या एकदम टणक आहेत बघा, उभ्या जन्मात कधी रक्त आलं नाही, दातच तेवढे कच्चे निघाले, काढून टाका सगळे आणि कवळी बसवा."

हिरड्या टणकच होत्या, फिकट, जाड, कुठे सूज नाही की लाली नाही. पण प्रोब, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोली मोजायची बारीक सळई, घातला तर आत जातच राहिला. चांगल्या हिरडीत तो १ ते ३ मिलिमीटर जातो, यांच्या दाढांना ७, ८, एका ठिकाणी ९, आणि एवढं खोल जाऊन रक्ताचा जेमतेम एक ठिपका. एक्सरेत हाड मुळांच्या निम्म्यापर्यंत उतरलेलं. म्हणजे आजार वर्षानुवर्षं आत चालूच होता, वर काही दिसत नव्हतं इतकंच. शुगर तपासून घेतली, ती नॉर्मल निघाली, मग दोष देण्यासारखं दातांवरचं कीटण आणि बिडी एवढंच उरलं. वरवरचं क्लीनिंग केलं, ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं आणि बिडीबद्दल बरंच बोलले. निकोटिनचं च्युइंगम असल्या हलत्या दातांनी चावणार कसं, म्हणून त्यांच्या फिजिशियनशी बोलून निकोटिनचे कातडीवर चिकटवायचे पॅच सुरू केले आणि तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा सरकारी फोन नंबर १८००११२३५६ काकूंच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला. काकांनी खरंच सोडली हो, इतक्या वर्षांची सवय!

आणि मग महिना-दीड महिन्याने, ओपीडी भरलेली असताना, दोघं तावातावाने आत आले. काकू म्हणाल्या, "बिडी होती तवा बरं होतं की, आता ब्रश लावला की बेसिन लाल होतंय, काय करून ठेवलंय हे?" काका काहीच बोलेनात, पण खिशात नवं बंडल होतं, अजून न फोडलेलं, ते मला दिसलं. सोडल्यावर थोडं रक्त दिसेल हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, पण सकाळी सकाळी लाल थुंकी बघितली की सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं?

बाहेर पेशंट ताटकळत होते तरी मी दोघांना बसवून घेतलं, कारण तेव्हा उठून गेले असते तर ते बंडल रस्त्यातच फुटलं असतं. सांगितलं की काका, एवढी वर्षं निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरत होतं, सूज आत होती पण तिला रक्त पुरत नव्हतं म्हणून ती बाहेर दिसायची नाही. धूर आला की वाजणाऱ्या अलार्मची वायरच बिडीने कापून ठेवली होती, आता ती परत जोडली गेलीय म्हणून वाजतोय. काकूंना ते पटलं, चेहऱ्यावरूनच कळलं. काकांनी एवढंच विचारलं, "मग थांबणार कधी?"

म्हटलं, आतलं कीटण निघालं की. ते मुळाला दगडासारखं चिकटलेलं असतं, ब्रशने निघत नाही आणि लवंग-मिठाने तर नाहीच नाही. रक्त येतंय म्हणून ब्रश बंद करून मशेरी लावायला लागलेल्या बायका मी नेहमी बघते, त्याने कीटण वाढतं आणि वरून परत तंबाखूच तोंडात. क्लीनिंगने दात सैल होतात हाही एक पक्का गैरसमज, खरं तर हाड आधीच गेलेलं असतं, कीटण निघालं की फटी नुसत्या उघड्या पडतात. त्याच दिवशी काकांची एक बाजू भूल देऊन खोलवर साफ केली, उरलेली पुढच्या खेपांना. दातांच्या फटींत फिरवायचा छोटा ब्रश दिला, तो ते रात्री न चुकता वापरतात असं काकू सांगतात, आणि काकूंचं मी प्रमाण मानते.

अडीच-तीन महिन्यांनी परत मोजलं तर बहुतेक ठिकाणी ४-५ मिलिमीटर आणि रक्त जवळपास थांबलेलं. पुढचे दोन दात वाचले नाहीत, ते काढून तिथे ब्रिज केला, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्के बसवलेले दात. गेलेलं हाड आता साफसफाईने परत येणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलंय. दर तीन महिन्यांनी येतात, खुर्चीत बसले की आधी आकडे विचारतात, आणि ते ९ वालं ठिकाण अजून ६ वर अडलंय, तिथे हिरडी उघडून साफ करायची छोटी सर्जरी दिवाळीनंतर ठरलीय.