नखं आईच कापणार

माझी बायको आयसीयूत डॉक्टर आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी सात वर्षांची आहे. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

लोक मला नेहमी एकच विचारतात, की एकट्याने सगळं करताना जड जात नाही का. जातं ना. शाळेची तयारी, अभ्यास, ताप आला की रात्रभर जागणं, पालकसभेला एकट्यानेच जाणं, सगळं आहेच. पण खरं सांगू का, त्याला हात बसतो. वर्षभरात माणूस तयार होतो. मला ज्याबद्दल लिहायचंय ते वेगळंच आहे.

मागच्या वर्षी बायकोच्या युनिटमधले दोघंजण एकदमच सोडून गेले आणि सगळं रोस्टर उरलेल्यांवर आलं. साडेतीन महिने असे गेले की एक नाइट संपली की मधे एक दिवस कसाबसा, की परत नाइट, आणि सुट्टीच्या दिवशीही कॉल, म्हणजे बोलावलं की जायचंच. मी ठरवलं की हिला घरचं कसलंच टेन्शन द्यायचं नाही. म्हणून मी सगळं माझ्या पद्धतीने लावून घेतलं, कपाटाचे कप्पे बदलले, मुलीचं वेळापत्रक बनवलं, कोणती वस्तू कुठे ते मला आणि मुलीला तोंडपाठ. घर एकदम सुरळीत चालू झालं आणि मला त्याचा अभिमानही वाटायचा.

मग एका रविवारी तिला खरीखुरी सुट्टी मिळाली. सकाळी उत्साहाने उठली, मुलीला आंघोळ घातली आणि कपडे काढायला कपाटापाशी गेली. कप्पा उघडला तर आत माझे टॉवेल. दुसरा उघडला, त्यात चादरी. मुलगी मागून म्हणाली, "आई, तिथे नाही आता. तू राहू दे, बाबा देईल." मुलगी सहज म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. बायको "हो का" म्हणाली आणि कप्प्यावरचा हात मागे घेतला. बस एवढंच. पण तो मागे घेतलेला हात माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही. तिला त्रास नको म्हणून मी इतका झटलो की तिला तिच्याच घरात करण्यासारखं काही ठेवलंच नाही, पाहुण्यासारखं करून टाकलं.

त्या रात्री आम्ही खूप उशिरापर्यंत बोललो. ती म्हणाली, "तिकडे माझ्यावाचून सारखं अडतं, इथे माझ्यावाचून कुणाचंच अडत नाही." मला काय बोलावं कळेना. मग तिनेच समजावून सांगितलं की त्यांच्याकडे ड्युटी बदलताना हँडओव्हर असतो, एकेका बेडपाशी उभं राहून आधीचा डॉक्टर पुढच्याला सांगतो की या पेशंटचं काय झालं, काय व्हायचं बाकी आहे, रात्रीत कशावर लक्ष ठेवायचं. तो नीट झाला नाही तर कितीही हुशार डॉक्टर असला तरी चुकू शकतो. "आणि घरी मला कोणी हँडओव्हरच देत नाही रे, मी डायरेक्ट मधेच येऊन पडते."

तेव्हापासून ती हॉस्पिटलमधून निघाली की मला मेसेज करते आणि मी तीन-चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतो. पुढचा दात हलतोय, मैत्रिणीशी बोलणं बंद आहे पण तो विषय आपणहून काढू नको, चित्राला शाबासकी मिळाली ते ती स्वतः सांगेल तेव्हा नव्याने ऐकल्यासारखं ऐक. ती येता येता ऐकते. दारातून आत आल्या आल्या "दात पडला का गं?" असं विचारते तेव्हा मुलीचा चेहरा असा काही फुलतो की काय सांगू.

आधी मी काय करायचो, तर दार उघडलं की तक्रारी सुरू. आता आल्यावर ती खुर्चीत बसते, एक बूट काढते, आणि कधीकधी दुसरा तसाच पायात ठेवून दहा-पंधरा मिनिटं बसून राहते. एखादा पेशंट गेलेला असतो. सुरुवातीला मला वाटायचं माझ्यावर रागावलीय. आता मी पाण्याचा ग्लास ठेवतो आणि बाजूला होतो. भांडायचं असेल तर तेही झोप झाल्यावरच, हा नियम आहे आमचा. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं होतं की सलग १७ तास जागं असलेल्या माणसाचा मेंदू आणि हात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे मंदावतात. अशा अवस्थेतल्या माणसाशी मी फीवरून आणि गॅलरीतल्या कपड्यांवरून वाद घालत होतो, आता आठवलं की वाईट वाटतं.

काळजीही वाटते, ती लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अभ्यास आहे, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के. मी तिचे तास मोजले, एका आठवड्यात ७८ भरले. तिला आकडा दाखवला तर म्हणाली माहितीये. आता ती महिन्यातला एक जादा कॉल नाकारते, तेवढंच सध्या जमलंय, आणि मला ते पुरेसं वाटत नाही.

हँडओव्हरपेक्षाही कामी आली ती एक गोष्ट मुलीने सुचवली. मी म्हणलं आईसाठी एक काम राखून ठेवू, जे मी कधीच करणार नाही, कितीही उशीर झाला तरी. मुलगी लगेच म्हणाली, "नखं. नखं आईच कापणार."

मग कधी कधी नखं वाढतात. शाळेतून एकदा वहीत शेराही आला. माझे हात शिवशिवतात, नेलकटर समोरच्या ड्रॉवरमधे असतं, पण मी हात लावत नाही.

परवा नाइट करून आली, झोपली, दुपारी साडेतीनला उठली तर मुलगी खाटेच्या कडेला नेलकटर घेऊन बसलेली, कधीची बसली होती काय माहीत. बायकोने केस बांधले, तिचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट धरून कापायला लागली, अंगठ्यापाशी मुलगी म्हणाली, "सावकाश काप ना, लगेच संपतात."