वासोट्याचं माकडलिंबू: पैसे कशाला द्यायचे आणि कशाला नाही

साताऱ्याजवळच्या वासोटा किल्ल्याच्या जंगलात ‘भारतीय रानसंत्रं’ दाखवतो म्हणून कोणी माणशी १,८०० रुपये मागितले तर सरळ नाही म्हणा. ते झाड इथलं नाहीच. सिट्रस इंडिका नावाचं हे रानसंत्रं मेघालयात, गारो डोंगरातल्या नोक्रेकच्या रानात आढळतं. तिथे लिंबूवर्गीय झाडांसाठी खास राखीव क्षेत्र आहे, आणि गारो लोक या संत्र्याला मेमांग नारंग म्हणतात. आम्ही हे पैसे भरून ज्याच्याबरोबर गेलो, त्या सहलीच्या आयोजकाने जाहिरातीत नेमकं हेच नाव टाकलं होतं, सोबत फोटोही. इथलं खरं रानलिंबू म्हणजे माकडलिंबू, बघायचं तर ते.

सातारा ते बामणोली रस्त्याबद्दल लिहीत नाही, कासवरून जातो, छान आहे. बामणोलीत वन विभागाची परवानगी काढावी लागते, ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ठेवा. प्लास्टिकच्या बाटल्या, पुडे मोजून नोंदवतात आणि परत येताना पुन्हा मोजतात. हे उत्तम आहे, कुरकुर करू नका.

आता बोट. भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. दहा-बाराजण भरले की वाटणी हलकी होते. आमची बोट गच्च भरलेली होती, तरी आयोजकाने प्रत्येकाकडून वेगळे ‘बोट चार्ज’ घेतले. दरफलक तिथेच लावलेला होता. मी हिशोब केला तर आमच्याकडून जवळपास अडीचपट वसुली झाली होती. विचारलं तर म्हणाला, ‘सर, त्यात एक्स्पर्ट फी धरलीय.’ दोघं-तिघं असाल तर धक्क्यावर थांबा, कुठला तरी अर्धवट ग्रुप मिळतोच, त्यांच्यात सामील व्हा. मधे माणूस घालू नका.

शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्यातून तास-सव्वातासाने मेट इंदवलीच्या काठाला उतरलो. कोयनेच्या धरणाने उठलेल्या वस्त्यांची जोती या भागात अजून दिसतात. अशाच एका जोत्यामागच्या झाडापाशी आयोजकाने सगळ्यांना गोल उभं केलं आणि ‘हेच ते दुर्मिळ जंगली संत्रं’ असं जाहीर केलं. खाली पडलेलं पान उचलून बघितलं. देठाला दोन्ही बाजूंनी रुंद पंख, पानाच्या बुडाशी दुसरं छोटं पान चिकटवल्यासारखे. हे पपनस! कुणाच्या तरी परसातलं, माणसं उठून गेली आणि झाड मागे राहिलं. पपनस मुळात आग्नेय आशियातलं. ज्या घराने ते लावलं त्या घराची आठवण म्हणून मला ते झाड फार मोलाचं वाटलं, पण त्याला रानटी म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे. फोटो काढून झाले आणि आयोजक म्हणाला, मुख्य कार्यक्रम संपला, किल्ल्यावर जायचं त्यांनी माणशी तीनशे वेगळे द्यायचे.

आम्ही काहीजणांनी त्याला तिथेच सोडलं आणि दुसऱ्या ग्रुपबरोबर आलेल्या स्थानिक वाटाड्या काकांच्या मागे निघालो. त्यांना विचारलं, इथे खरं रानलिंबू काही आहे का? ‘हाय की, माकडलिंबू. कुणी इचारतच न्हाई. चला दावतो.’

ओढ्याजवळच्या मारुतीपाशी बाटल्या भरून घ्या, त्यानंतर चढ लागतो. अंजनी, जांभूळ, पिसा यांचं दाट सदाहरित रान, ऊन खाली उतरत नाही. माकडलिंबू याच सावलीत, मोठ्या झाडांच्या खाली वाढतं, म्हणून वर बघत चालणाऱ्याला सापडत नाही. काकांनी वाटेच्या कडेलाच एक दाखवलं, दीड पुरुष उंच. पान चामड्यासारखं जाड, टोकाला बारीक खाच, आणि देठाला पंख अजिबात नाहीत. पपनसापासून वेगळं ओळखायला एवढं पुरतं. काट्यांवर भरवसा ठेवू नका, काही फांद्यांवर असतात, काहींवर नाही. पान उजेडासमोर धरलं की तेलाचे बारीक ठिपके दिसतात, चुरगळलं की लिंबाचा वास बोटांना बराच वेळ राहतो. आम्ही खाली पडलेलं पानच वापरलं. पानांच्या बगलेत पिवळसर हिरवी फळं होती, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची. याचं शास्त्रीय नाव अटलांशिया रेसिमोसा. वनस्पतिशास्त्रज्ञ याला लिंबू-संत्र्याच्या जवळच्या नात्यातलं धरतात, पण ते सिट्रस, म्हणजे खुद्द लिंबू-संत्र्याच्या गटातलं, नाही. एका पानावर हिरवी अळी होती. ब्लू मॉरमॉन, म्हणजे २०१५ साली जाहीर झालेलं आपलं राज्य फुलपाखरू, या झाडावरही अंडी घालतं. अळी त्याचीच होती असं मी म्हणणार नाही, पण तिच्यापुढे बसून राहावंसं वाटलं. अठराशे रुपयांचा राग त्या पाच मिनिटांत कुठल्या कुठे गेला.

फळ तोडू नका. कोयनेचं हे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पान तोडणंही नियमात बसत नाही. आयोजकाने मात्र पपनसाची फांदी मोडून सगळ्यांच्या हातात दिली होती, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा गेल्यावर वासोट्याची शेवटची चढण उघड्यावर येते. ती वाईट नाही. वाईट आहे ती उतरताना रानातली वाट. सुट्या दगडांवर वाळक्या पानांचा थर, खाली काय आहे ते पाय टाकल्यावरच कळतं. आमच्यातला एकजण दोनदा घसरून बसला, दुसऱ्या वेळी मनगट मुरगळलं. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून येऊ नका, काठी घ्या, आणि बोट चुकेल म्हणून पळत उतरू नका. त्यापेक्षा सकाळची पहिली बोट पकडा. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, दिवस मावळायच्या आत बाहेर पडावंच लागतं.

एप्रिल-मेमध्ये जाऊ नका असं मी ठाम सांगेन. पाणी मागे हटतं, बोट लांब थांबते, काठावरचा गाळ तुडवत जावं लागतं आणि तोवर झाडावर बघण्यासारखी फळंही फारशी उरत नाहीत. पावसाळ्यात बंदच असतं. डिसेंबर-जानेवारी योग्य. वाटाड्या बामणोलीतच ठरवा, पैसे त्याच्याच हातात द्या, आणि निघण्याआधीच सांगा की गड नंतर, आधी माकडलिंबू दाखवा.