चरीला गेलो होतो, सहीसाठी

वडखळ नाक्यावर एसटी अर्धा तास अडकली. शनिवार. पुढेमागे सगळ्या गाड्या अलिबागच्या समुद्राकडे निघालेल्या. मी त्याच्या बराच अलीकडे, पोयनाडला उतरून चरीला आत्याकडे जाणार होतो. पिशवीत संमतिपत्र होतं. खाडीकाठच्या खारीतल्या शेताचा सौदा जवळजवळ ठरला होता, तिची तेवढी सही राहिली होती. भावंडांनी मला पाठवलं, कारण मी तिचा लाडका.

संप म्हटलं की मुंबईकराला गिरण्या आठवतात. आमच्या या खाडीकाठच्या पट्ट्यात, खारेपाटात, संप एकच, चरीचा. २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवलं, खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. पंचवीस गावं त्यात उतरली आणि १९३९ पर्यंत मागे हटली नाहीत. समुद्र अडवणाऱ्या बांधावर माती टाकायची कुळांनी, लावणी-कापणी त्यांचीच, आणि भात जायचं खोताच्या कोठारात. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं, तेव्हा इथली शेतं चौथ्या वर्षी पडीक होती.

या तारखा मला पाठ आहेत, आत्याला नाहीत. तिचा जन्मच नंतरचा. तिला ठाऊक आहे ती तिच्या आजीची मोळी. पहाटे डोंगरावर जायचं, लाकडं तोडायची, बाजारात विकून कण्या आणायच्या. कालवणाला खाडीतले निवटे नाहीतर चिंबोऱ्या. "आजीच्या टाळूवर केसच उगवत नव्हते," आत्या म्हणाली, आणि माझ्या ताटात जिताडा माशाची आणखी एक तुकडी वाढली.

पुढे १९३९ च्या कायद्याने संरक्षित कूळ आलं, स्वातंत्र्यानंतर कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर चढलं ते असं. त्याच उताऱ्याची झेरॉक्स माझ्या संमतिपत्राला टाचलेली होती.

जेवण झाल्यावर मी कागद काढला. तिने चष्मा लावून पहिलं पान सावकाश वाचलं, घडी घालून मला परत दिलं. "चल, बांधावर जाऊन येऊ."

बांधाची अवस्था वाईट आहे. पलीकडच्या खारीत मागे बांध फुटून खांड पडली, ती कुणी बुजवली नाही. आता तिथे भाताऐवजी कांदळ वाढलंय. विकून टाका म्हणणाऱ्या भावंडांचं अगदीच चुकतं असं मी म्हणणार नाही. पिकत नाही, माणूस मिळत नाही, पोरं पनवेलला. हे सगळं मी तिला सांगितलंही. ती ऐकत होती, पण नजर खाली बांधाच्या पोटाकडे. तिथे खेकड्याने बीळ पाडलं होतं आणि त्यातून बारीक धार आत येत होती.

"आजीचा बांध हा," एवढंच बोलली. मग साडी खोचून चिखलाचा गोळा उचलला आणि माझ्या बुटांकडे बघितलं.

बूट काढले. ती गोळे देत गेली, मी टाचेने दाबत गेलो. धार थांबायला बराच वेळ लागला, आणि तोवर भरती चढायला लागली होती.